पट्टीच्या वर

१

आमच्या दुकानाची एक रीत आहे. नवे दिवे बसवलेली गाडी भिंत दाखवल्याशिवाय बाहेर पडत नाही.

भिंत म्हणजे शेडची मागची भिंत. तिला पांढरा रंग, आणि त्यावर आडवी चिकटवलेली काळी पट्टी. जमिनीवर एक पिवळी रेघ आहे. पुढची चाकं त्या रेघेवर आणायची, शटर खाली ओढायचं, दिवे लावायचे आणि बोनेटखालचे स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड पट्टीवर टेकवायची. पट्टीच्या खाली रस्ता. पट्टीच्या वर समोरच्याचे डोळे. इतकं सोपं गणित आहे, मलासुद्धा जमतं.

मी डिप्लोमा अर्ध्यावर सोडून घरी आलो. त्यामुळे शेजारचा टायरवाला मला 'अर्धा इंजिनियर' म्हणतो. बाबा नुसतंच 'अर्धा' म्हणतात.

धंदा चालतो तो पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या किटवर. मूळ दिव्यात पिवळा बल्ब असतो. त्याच्या पोटातली तार एका ठराविक जागी असते आणि मागची चकचकीत वाटी त्या जागेसाठीच घडवलेली असते. किटमध्ये तारेऐवजी एक काडी येते, तिच्या दोन्ही अंगांना पांढरे दाणे, बुडाशी भुणभुणणारा पंखा. उजेड भरमसाट, पण जागा चुकलेली. वाटी बिचारी काय करणार? मिळेल तो उजेड मिळेल तिथे फेकते. रस्त्यावर, फांद्यांवर, समोरच्याच्या तोंडावर. पाऊस असला की समोर पांढरी चादर, धुकं असलं की पांढरी भिंत. शिवाय वायर तापते, होल्डर वितळतो, रेडिओ खरखरतो.

हे मी बाबांना एकदा सांगून पाहिलं.

"कॉलेज सोडलंस ना?" ते म्हणाले. "मग इथे कशाला भरवतोस?"

त्या दिवशी हेडमास्तर आले होते. रिटायर झालेत, पण अजून बोट वर करूनच बोलतात. मला त्यांनी शाळेत तीन वर्षं सोलून काढलंय.

"समोरचे सगळे तोंडावर फोकस मारतात. मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "पांढरे बसव. सगळ्यात जास्त मारणारे."

"सर, मग समोरच्याला दिसणार नाही."

"त्यानेही बसवावेत. मी अडवलंय का? प्रकाशाच्या धड्यात तूच ना रे नापास झाला होतास?"

"काठावर पास झालो होतो, सर."

"तेच ते."

बाबा हसले. मोठ्या माणसांच्या विनोदावर मोठी माणसं हसतात. मी पाना उचलला.

२

हेडमास्तरांच्या गाडीला भिंत दाखवली तेव्हा दुपार होती. शटर खाली होतं. त्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती, बाकी अंधार. मी दिवे लावले.

पट्टीच्या खाली पांढराफेक उजेड पडला. पट्टीच्या वरही पडला, फाटक्या पोत्यातून पीठ सांडावं तसा. त्या सांडलेल्या उजेडात, उजवीकडे, एक काळसर डाग होता.

काचेवर काही लागलं असेल म्हणून काच पुसली. डाग तिथेच. बल्ब काढून फिरवून बसवला. डाग तिथेच. काडीच्या कडेची सावली असेल, मी मनाशी म्हटलं. या किटमध्ये तसं होतं. मग मी एका दिव्यावर फडकं टाकलं. काडीची सावली असती तर हलली असती, निदान फिकी झाली असती. फडकं दुसऱ्या दिव्यावर टाकलं. डाग तसाच आणि तितकाच. दोन दिव्यांपुढच्या वस्तूच्या दोन सावल्या पडतात. ही एकच होती, आणि दोन्ही दिव्यांना सामाईक होती.

जुना पिवळा बल्ब परत लावून पाहिला. पट्टीच्या वर काळोख, डाग गायब. पुन्हा किट लावलं, डाग हजर.

मी भिंतीजवळ गेलो. लांबून डाग वाटत होता, जवळून त्याला खांदे होते. वर डोकं, डोक्यावर पुढे चोच आलेली टोपी. आणि एका बाजूला बाहेर आलेलं टोक, ते कोपर होतं. माणूस तोंडावर फोकस आला की डोळ्यांवर हात धरतो ना, अगदी तसं.

"झालं का रे?" बाहेरून बाबांनी शटरवर थाप मारली. "भिंत दाखवलीस?"

"दाखवली."

"मग काढ गाडी. मास्तर उभे आहेत."

शटर वर केलं. ऊन आत आलं, भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. आता सांगणार तरी काय, आणि कोणाला? हेडमास्तरांनी अंगणातच दिवे लावून पाहिले. "दिवस केलास रे, दिवस!" म्हणाले. मला आयुष्यात त्यांनी दिलेली ही पहिली शाबासकी.

३

त्यानंतर प्रत्येक किटला तो येऊ लागला. टॅक्सी असो, दूधवाल्याचा टेम्पो असो, गाडी कुठलीही असो. चोचीची टोपी, वर धरलेलं कोपर. फक्त दर वेळी थोडा मोठा.

सावली मोठी होते ती माणूस दिव्याच्या जवळ आला की. हा धडा मला काठावर का होईना, येत होता. म्हणून मी एक पुठ्ठा घेतला, किटच्याच खोक्याचा.

युक्ती साधी आहे. भिंतीला चिकटून पुठ्ठा धरला तर सावली पुठ्ठ्यावर पडणार. तो धरून गाडीकडे सरकत यायचं. जोवर सावली पाडणारा पुठ्ठ्याच्या आणि दिव्याच्या मध्ये आहे तोवर ती पुठ्ठ्यावर राहणार. जिथे ती पुठ्ठ्यावरून पुसली जाईल, तिथे आपण त्याला ओलांडलं. म्हणजे तो तिथे उभा आहे.

हे करताना मला स्वतःचंच हसू येत होतं. रिकाम्या शेडमध्ये हात लांब करून पुठ्ठा धरलाय आणि खेकड्यासारखा चालतोय. टायरवाल्याने पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं त्याला.

सावली पुठ्ठ्यावर होती. सरकलो. होती. कड धारदार होत चालली होती, टोपीची चोचसुद्धा नीट दिसत होती. कंप्रेसरपर्यंत आलो. होती. टायरच्या उतरंडीपर्यंत आलो. होती. तिथून एक पाऊल टाकलं आणि पुठ्ठा स्वच्छ पांढरा झाला.

भिंतीवर पाहिलं. तिथे पुठ्ठ्याची चौकोनी सावली होती फक्त. त्याची सावली पुठ्ठ्याने झाकली होती. म्हणजे तो पुठ्ठ्यामागे होता. माझ्या ताणलेल्या हातापासून वितीवर.

किटचा पंखा भुणभुणत होता. बाकी आवाज नव्हता. श्वासाचा तर नव्हताच. पण पुठ्ठा माझ्या बोटांत किंचित आत दबला, जणू पलीकडून कोणीतरी कोपर टेकवलं.

मी गाडीकडे धावलो नाही. शटरकडे धावलो.

४

टोपी मी ओळखली होती. मान्य करायला वेळ लागला, इतकंच.

शिट्टी नावाचा एक वॉचमन होता. नाव वेगळं असणार, आम्ही शिट्टी म्हणायचो. रोज दिवेलागणीला ड्यूटीवर जाताना सायकलवरून आमच्या दारात एक शिट्टी फुंकायचा आणि ओरडायचा, "अर्ध्या, आज तरी पुरा हो!" मी त्याला शिवी द्यायचो, तो टोपीला हात लावायचा. एवढंच नातं. पाऊस संपता संपता तो नाक्याकडच्या रस्त्यावर, वळणावरच्या खड्ड्यात मेलेला सापडला. सायकलला ओरखडासुद्धा नव्हता.

"प्यायला असेल," बाबा म्हणाले होते. टायरवाला, हेडमास्तर, सगळेच म्हणाले होते. मेलेला माणूस प्यायलेला होता असं ठरलं की जिवंतांची झोप छान लागते. शिट्टी थेंबाला शिवत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

रात्री जेवताना ताईने विषय काढला. ताई माझी मोठी बहीण. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. घरी आली तरी तिथेच, झोपताना आई काढते.

"त्या वळणावरून आता मला चालवत नाही," ती म्हणाली. "बस नाक्यावर सोडते, तिथून घरापर्यंत नुसता डोळ्यांवर हात. समोरून गाडी आली की पाय कुठे पडतोय कळत नाही. एका बाजूला खड्डा, एका बाजूला हे फोकस."

"रस्ताच खराब आहे," बाबा म्हणाले.

"रस्ता तोच आहे, बाबा. दिवे तुमचे आहेत."

"माझ्या दिव्यांवर हे घर चालतं."

"आणि मी अंधारात चालते."

आईने भाजी वाढली. आमच्याकडे भांडण तापलं की आई भाजी वाढते. बाबांनी भाजी घ्यायला वाटी पुढे केली, पण ती आईच्या हाताखाली न येता बाजूला गेली. भाजी ताटाबाहेर सांडली. मी बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळांत पातळ दूध घातल्यासारखं काहीतरी होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंत नीट पाहिली, उजेडी, पट्टीला नाक लावून.

पट्टीच्या खाली, हातभर खाली, एक पुसट आडवी रेघ होती. जुन्या डिंकाची. त्याला धूळ चिकटून ती काळी पडली होती. पट्टी आधी तिथे होती.

बाबा काउंटरमागे होल्डर निवडत होते. निवडत म्हणजे चाचपत.

"पट्टी कोणी सरकवली?"

"कुठली?"

"आपल्या भिंतीला एकच आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "त्या जुन्या पट्टीवर रस्त्यात काही दिसायचंच नाही. लोक तक्रार करायचे."

"लोक, का तुम्ही?"

"अर्ध्या, तोंड सांभाळ."

"डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं होतं ना? किती दिवस झाले? तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही पट्टी वर नेलीत. आणि गावातल्या सगळ्या गाड्या तुमच्या डोळ्यांच्या मापाने लावून दिल्यात?"

"बापाला आंधळा म्हणतोस?"

"आंधळं तुम्ही बाकीच्यांना केलंत."

कानाखाली बसली. दिसत नसूनही नेम चुकला नाही. बापांना त्या एका गोष्टीला उजेड लागत नाही.

मी शिट्टीचं नाव घेतलं. बाबांचा हात होल्डरच्या डब्यात तसाच थांबला. मग ते म्हणाले, "प्यायला असेल," आणि पुन्हा चाचपू लागले.

६

बाबांच्या स्वतःच्या व्हॅनला सगळ्यात तगडं किट होतं. तिला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. ते दुपारी जेवायला गेले तेव्हा मी व्हॅन पिवळ्या रेघेवर आणली, शटर ओढलं आणि दिवे लावले.

भिंत भरली होती.

एक नव्हता. खांद्याला खांदा लावून, पार कोपऱ्यापर्यंत. कोणाच्या डोक्यावर पाटी, कोणाच्या कडेवर मूल, कोणाची पाठ वाकलेली. सगळ्यांची कोपरं वर. मुलाचंसुद्धा. मधोमध शिट्टीची टोपी. एवढी माणसं मेल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. मेली असतील असंही नाही. कदाचित इतकंच, की हा उजेड ज्यांच्या डोळ्यांत गेला ती सगळी इथे आली होती.

टोपीच्या शेजारी एका बाईची सावली होती. हात डोळ्यांवर. मागे अंबाडा. अंबाड्यातून आडवी बाहेर आलेली एक बारीक काडी.

मी पुठ्ठा घेतला नाही. ती किती जवळ आली आहे ते मला मोजायचं नव्हतं.

स्क्रू फिरवायला घेतले. उजेडाची कड खाली आणत गेलो, पट्टीच्या खाली, डिंकाच्या रेघेवर आणून टेकवली. वर काळोख झाला. सावल्या गेल्या. म्हणजे दिसेनाशा झाल्या.

बाबा परत आले तेव्हा मी भांडलो नाही. विनवणी केली. आजवर कधी केली नव्हती.

"बाबा, ताईला त्या वळणावरून चालत येऊ देऊ नका. माझं बाकी काही ऐकू नका, एवढं ऐका."

ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या दिशेने. माझ्या आवाजात काहीतरी ऐकलं असावं.

"बरं," ते म्हणाले. "मी आणतो तिला. गाडी आहे ना घरची."

मी एका टॅक्सीच्या खाली होतो तेव्हा व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर सरपटत येईपर्यंत ती गेली होती. पिवळ्या रेघेजवळ, व्हॅन उभी होती तिथे, स्क्रूड्रायव्हर पडलेला होता. मी तो जागेवर ठेवला होता. जाण्याआधी त्यांनी दिवे पुन्हा वर केले होते. नेहमीपेक्षाही वर असणार, कारण दिवस कलला होता आणि लेकीला आणायला निघालेल्या बापाला रस्ता नीट दिसायला हवा होता.

बाहेर शिट्टीची वेळ झाली होती.

७

टायरवाल्याची सायकल घेतली. न विचारता घेतली. त्याच्या शिव्या मागे राहिल्या.

ताईला काही माहीत नव्हतं. बाबांनी कळवलं नसणार. आपण निघालो म्हणजे जगाला कळलं, असा त्यांचा हिशेब. बाबा हल्ली गाडी अगदी हळू चालवतात, म्हणून मी आडवाटेने नाक्यावर निघालो. पोचलो तेव्हा बस जाऊन झाली होती, ताई घराकडे चालू लागली होती. मी तिच्या मागे निघालो. वळणाच्या अलीकडे मला तिची पाठ दिसली. आभाळात अजून थोडा उजेड होता, संध्याकाळचा, कोणालाही न दुखवणारा.

मग समोरून व्हॅन वळली.

रस्ता नाहीसा झाला. खड्डा नाहीसा झाला, ताईच्या चपला नाहीशा झाल्या. सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात ताईची काळी आकृती उरली. तिने हात उचलून डोळ्यांवर धरला. कोपर बाहेर आलं, अंबाड्यात काडी. भिंतीवर होती तश्शी.

"ताई!" मी ओरडलो. ती आवाजाकडे वळली आणि खड्ड्याच्या बाजूला एक पाऊल गेली.

तिच्या पुढे आणखी कोणी उभे होते. मी झाडं समजलो. पण त्या वळणावर झाडं नाहीत.

ब्रेक किंचाळले. सायकल टाकून मी ताईचा दंड धरून मागे ओढला, आम्ही दोघं धुळीत पडलो. व्हॅन आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती, एक चाक कडेच्या बाहेर. इंजिन चालू. पंख्याची भुणभुण.

"दिसलो आपण त्यांना," ताई धापा टाकत म्हणाली. "बघ, दिसलो."

मी दाराशी गेलो. बाबा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर पाहत होते. ताईकडे नाही. माझ्याकडे नाही.

"केवढी माणसं रे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, गर्दीला वैतागलेल्या माणसाचा. "रस्त्यात काय उभी आहेत सगळी? बाजूला व्हायला सांग त्यांना."

"बाबा, कोणी नाहीये."

"हात खाली करताहेत," बाबा म्हणाले.

मी समोर पाहिलं नाही. बाबांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि तेवढं पुरलं. त्या दुधाळ बुबुळांत, कधी नव्हे इतकं स्वच्छ, काहीतरी दिसत होतं त्यांना. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला. हळूहळू वर आला. कोपर माझ्या नाकासमोरून गेलं आणि हात त्यांच्या डोळ्यांवर जाऊन बसला.

"बंद कर," ते म्हणाले.

मी किल्ली फिरवली. दिवे गेले, पंखा गेला. संध्याकाळ परत आली.

"बंद कर म्हणतो ना!"

"बंद केलेत, बाबा."

८

ऑपरेशन झालं. डॉक्टर खूश आहेत, डोळे तिशीतल्यासारखे झाले म्हणतात. ते हाताच्या मागे आहेत, एवढंच. हात खाली येत नाही. आई घास भरवते. दिवसातून कितीदा तरी ते म्हणतात, "दिवा बंद कर," आणि आई उठून, बंद असलेल्या दिव्याचं बटण वाजवते.

ताई त्या वळणावरून अजून चालते. दुसरा रस्ता नाही.

मी पट्टी काढून जुन्या जागी लावली आणि किट ठेवणं बंद केलं. धंद्याचं जे व्हायचं ते झालं. समोरच्या रांगेत एक नवा दुकानदार आलाय, त्याला भिंतच नाही, तो गाडी रस्त्यावरच लावून देतो. हेडमास्तरांनी त्याच्याकडून आणखी पांढरे बसवून घेतले. मुद्दाम दाखवायला आमच्या घरी आले. बाबांची विचारपूस हे निमित्त.

"शेवटी अर्धाच राहिलास," मला म्हणाले. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "होईल ठीक. वय आहे."

त्यांनी गाडी आमच्या खिडकीसमोर उभी केली होती. परत निघताना दिवे लावले. भर दुपारी, गंमत म्हणून, मला दिसावेत म्हणून. उजेड खिडकीतून आत आला, खुर्चीत बसलेल्या बाबांवर पडला आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर सावली उठली.

बाबांचा हात डोळ्यांवर होता. सावलीचे दोन्ही हात खाली होते.

बाबांनी जन्मात टोपी घातलेली नाही. सावलीच्या टोपीची चोच आधी बाजूला होती, खिडकीकडे, हेडमास्तरांच्या गाडीकडे. मग ती वळली, आणि नुसतं गोल डोकं उरलं. आता ती सावली पाठमोरी होती की माझ्याकडे तोंड करून, ते सावलीवरून सांगता येत नाही.

बाहेर हेडमास्तरांनी हॉर्न वाजवला. "बघितलंस का रे? दिवस!"

"दिवा बंद कर," बाबा म्हणाले.

आई उठली आणि बटण वाजवलं.